सहीवाचून खोळंबलेली सभा

छापखाना, मंगळवार,
दुपारच्या सुट्टीत

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं, पण माझा डावा गुडघा गेल्या वर्षापासून संपावर असल्यामुळे तूर्त सातांवर भागवून घ्यावं. संपावर गेलेल्याला दमदाटी करून कामावर आणायचं नसतं, हे तुमच्याकडूनच शिकलो.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे? झोप लागते का? ताईच्या घरचा जिना तुम्हाला झेपतो का? आणि खोकला कसा आहे? हा शेवटचा प्रश्न मी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. पण मामाच्या तब्येतीची चौकशी करायची आणि खोकल्याचं नाव काढायचं नाही, म्हणजे लग्नाला जाऊन नवरदेवाकडे पाठ करून बसण्यासारखं होईल. तेव्हा विचारून टाकलं. राग आला तर तो जुन्या रागातच मिळवावा, वेगळा ठेवू नये.

पत्राला कारण तसं काही नाही. (म्हणजे आहे, पण ते शेवटी. ताकाला जाऊन भांडं लपवणारा म्हणून तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, तेव्हा इतक्यात पानं उलटून शोधू नका.) अकरा महिने झाले तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. तुम्ही जाताना म्हणालात, चार दिवस लेकीकडे जाऊन येतो, आणि मामींना घेऊन गेलात ते गेलातच. मी पत्र लिहायला बसायचो आणि दर वेळी त्या पत्राची कादंबरी व्हायला लागायची, म्हणून फाडायचो. कादंबरीनंच तर घात केला होता. पण गेल्या आठवड्यात इथे एक प्रकार घडला आणि त्यानंतर तुम्हाला लिहिल्यावाचून मला घास जाईना, म्हणून आज दार लावून बसलो आहे.

झालं असं की एक संशोधक बाई छापखान्यात आल्या. त्या माझ्यावर प्रबंध लिहितायत. (हसू नका. माणसाचे केस गेले की त्याच्यावर प्रबंध येतात.) त्यांचा विषय म्हणजे माझ्या समाजवादी विचारांची वाढ कशी होत गेली आणि तिच्यातून माझी डिस्टोपियन कादंबरी कशी निपजली. डिस्टोपिया म्हणजे पुढे जग किती भयंकर होणार आहे ते आजच सांगून मोकळं व्हायचं. आपला मशीनमन त्याला ‘उलटा स्वर्ग’ म्हणतो आणि ते नाव मला जास्त पटतं. बाईंनी टेबलावर एक भलामोठा कागद पसरला. डावीकडे एका चौकटीत ‘भाबडा आशावाद’, मधल्या चौकटीत ‘भ्रमनिरास’, उजवीकडे ‘डिस्टोपिया’, आणि मधे ठळक बाण. मला फक्त बाणांवर सालं लिहून द्यायची होती. मी भिडस्त माणूस, दिली लिहून. बाई आभार मानून गेल्या आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या कागदावर वर्तमानपत्र नव्हतं, भांडी नव्हती, आणि तुम्ही तर कुठेच नव्हता. म्हणजे मी आयुष्यभराची खोटी साक्ष देऊन बसलो होतो. तेव्हा खरी साक्ष तुमच्यासमोर देतो. चुकलं तर थांबवा.

मी सतरा वर्षांचा असताना शिकायला तुमच्याकडे राहायला आलो, तोवर समाजवाद हा शब्द मी फक्त परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. छापखान्याच्या माडीवरच्या तुमच्या दोन खोल्यांत तो रोज सकाळी सव्वासातला यायचा. घरात वर्तमानपत्र एक आणि वाचणारे चार: तुम्ही, मामी, ताई आणि मी. आधी कुणी वाचायचं हा प्रश्न इतर घरांत वयाच्या जोरावर सुटतो, नाहीतर एक जण पेपर घेऊन न्हाणीघरात कडी लावतो. तुम्ही खालून लोखंडी पट्टी आणून घडीवर पेपर फाडायचात. प्रत्येकाला एक भाग, आणि दर दहा मिनिटांनी तुम्ही घड्याळाकडे बघून “फेर!” म्हणालात की भाग उजवीकडे सरकायचे. पहिल्या पानावरची बातमी ऐन रंगात येऊन ‘उरलेला मजकूर पान पाचवर’ म्हणायची, आणि पान पाच ताईच्या हातात असायचं. ताई ते देत नसे, कारण तिची दहा मिनिटं ही तिची होती. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा उरलेला मजकूरच आधी यायचा. ‘इतके बोलून ते खाली बसले आणि सभागृहात शांतता पसरली.’ कोण बसले? काय बोलले? हे कळायला अर्धा तास. तेवढ्या अर्ध्या तासात मी ते रचून टाकायचो, आणि खरी बातमी हातात आली की ती मला फिकी वाटायची. मामा, कादंबरीकार मी तिथे झालो. (मामी मात्र पेपर दारातच घ्यायच्या, जिना चढेपर्यंत सगळा वाचून काढायच्या आणि मग कोरा चेहरा करून फेरात बसायच्या. हे त्यांनीच मला वीस वर्षांनी सांगितलं. तुम्हाला आत्ता कळत असेल तर मामींनी मला क्षमा करावी. पण प्रत्येक व्यवस्थेत एखादी मामी लागतेच, नाहीतर पेपरवाल्याशी हसून बोलणार कोण?)

बाविसाव्या वर्षी मी पहिली कादंबरी लिहिली, ती तुम्हाला आठवते की तुम्ही दयाबुद्धीनं विसरलात, कोण जाणे. तीनशे पानांत एकही वाईट माणूस नव्हता. जो एक कारखानदार होता तो पहिल्याच प्रकरणात पश्चात्ताप होऊन शेती करायला निघून गेला, आणि उरलेली अकरा प्रकरणं सगळी पात्रं दारादारांत उभी राहून एकमेकांना “आधी तुम्ही” म्हणत होती. कुणाला साधं पडसं होत नव्हतं. आपल्या छापखान्यानंच ती छापली आणि मशीनमनला चालत्या मशीनपाशी डुलकी लागली. असं आधी कधी झालं नव्हतं, हे त्यानं स्वतः मला मोठ्या आदरानं सांगितलं. तुम्ही ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, “छान आहे. पण यात भांडी कोण घासतं?” मला इतका राग आला की मी चार दिवस तुमच्याशी बोललो नाही. (अबोला धरायची आपल्या घराण्याची रीत जुनीच आहे. चार दिवस म्हणून सुरू होतो.)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच, या ईर्ष्येनं मी आणि माझे पाच मित्र दोन खोल्या घेऊन समानतेनं राहायला गेलो. भिंतीवर पाळीपत्रक लावलं. पहिला महिना सोन्यासारखा गेला. दुसऱ्या महिन्यात एकानं पातेलं घासलं पण बुडाशी करपलेलं तसंच ठेवलं, तेव्हा घासणं म्हणजे काय याची व्याख्या करावी लागली. व्याख्या झाली म्हणजे ती पाळली जाते का हे बघणारा लागतो. त्या जागी मी एकमतानं निवडून आलो. (एकमतानं म्हणजे बाकी पाच जण कामात होते आणि मी रिकामा बसलो होतो.) आता तपासणाराच घासायला बसला तर त्याचं कोण तपासणार? तेव्हा मला पाळीतून सूट मिळाली. ही सूचना दुसऱ्या कुणाची असती तर आज सांगायला बरं वाटलं असतं, पण ती माझीच होती. मग नोंदीसाठी वही आली, वहीसाठी टेबल आलं, टेबलाला उजेड हवा म्हणून खिडकीखाली झोपणाऱ्याला सर्वांच्या हितासाठी दाराशी हलवलं. कोण कुणावर नाराज आहे हे वेळेत कळावं म्हणून मी कोपऱ्यात एक पेटी ठेवली, तीत चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्या कुणी टाकेना, म्हणून आठवड्याला निदान एक सक्तीची केली. चौथ्या महिन्यात पाच विरुद्ध एक मतांनी मला काढलं. तो एक मीच.

वळकटी घेऊन मी तुमच्या दारात आलो. मीच फणकाऱ्यानं म्हणालो, लोक अजून तयार नाहीत. तुम्ही हसला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही मोरीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, “आधी भांडी घास. मग बोलू.” त्या दिवशी मी दीड तास भांडी घासली आणि घासता घासता रडलो. मित्रांनी काढलं म्हणून नाही. मला ते सगळं आवडत होतं म्हणून. रोज सकाळी वही उघडताना बोटांना सुखाची गुदगुली व्हायची, आणि करपलेलं पातेलं सापडलं की मला आतून आनंद व्हायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना सारखं मिळावं, हे मला तेव्हाही खरं वाटत होतं आणि आजही वाटतं. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही. समाजवादावरचा विश्वास माझा रतीभर कमी झाला नाही, स्वतःवरचा मात्र झाला. वाढायचा डाव ज्याच्या हातात आहे त्याच्या हाताकडे कुणीतरी बघत बसलं पाहिजे, आणि डाव माझ्या हातात असेल तर दोघांनी बघितलं पाहिजे. याला बाईंच्या कागदावर बाण नव्हता. त्यांच्या हिशेबी मी समाजवाद सोडून गेलो. अहो, घराला ओल आलीय म्हणून जो रोज ओरडतो, तो त्याच घरात राहत असतो. सोडून गेलेला कशाला ओरडेल?

त्यानंतर तुम्ही मला प्रुफं तपासायला छापखान्यात घेतलंत आणि कामगारांच्या मालकीचं ठिकाण म्हणजे काय ते मी रोज पाहत आलो. (मधल्या चार पुस्तकांविषयी बोलायला नको. झाकली मूठ.) आणि चाळीस वर्षांनी त्या भांड्यांतून ही डिस्टोपियन कादंबरी वर आली. तिच्यातल्या शहरात सगळं सारखं वाटलेलं आहे: उजेड, झोप, खिडक्या, दुःखसुद्धा. कुणी वारलं तर सगळ्या शहरानं मिळून अकरा मिनिटं रडायचं, म्हणजे घरच्यांवर भार पडत नाही. या शहरावर राजा नाही. एक निमंत्रक आहे, त्याच्याकडे फक्त एक वही आहे, आणि तो कधीच भांडी घासत नाही. आता तरी कळलं ना मामा, तो कोण ते? पण पात्राला नुसतं मन देऊन भागत नाही, त्याला शरीर लागतं. माझ्या शरीराला कोण भिणार? कुत्रंही भुंकत नाही. म्हणून लिहिता लिहिता हाताशी आलं ते घेतलं: कपाळावर सरकवलेला चष्मा, डाव्या खिशातली दोन पेनं, आणि बोलण्याआधीचा तो खोकला, दोनदा लहान, एकदा मोठा, आणि मग “तर मुद्दा असा.” शपथेवर सांगतो, हे कुणाचं आहे ते लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही. चाळीस वर्षं ऐकलेला खोकला माणसाला आपलाच वाटायला लागतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐका. जे छापायचं ते ज्यांच्या हातांखालून जाणार त्यांनी आधी ऐकलं पाहिजे, ही आपल्या छापखान्याची पद्धत. नऊ दुपारी मशीन बंद ठेवून मी वाचत होतो आणि तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीवर डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या दुपारी निमंत्रक आला. मी वाचलं, ‘निमंत्रक दोनदा लहानसा खोकला.’ आणि तुम्ही दोनदा लहानसे खोकलात. सगळा छापखाना जागच्या जागी थिजला. मी घाबरून झटकन पुढचं वाक्य वाचलं, तर माझ्या कर्मानं पुढचं वाक्य ‘मग एकदा मोठ्यानं’ हेच होतं. तुम्ही तो मोठा खोकला दाबून धरलात. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, मानेची शीर फुगली. मशीनमननं पाणी आणलं तर तुम्ही हातानंच नको म्हणालात, कारण पाणी प्यायलं असतं तर तो खोकला तुमचा आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मला तिथेच थांबता आलं असतं. मी वाचत राहिलो. मामा, माझी चूक लिहिण्यात नव्हती, त्या वाचत राहण्यात होती. तिची मी हात जोडून माफी मागतो.

बाकीच्यांचं म्हणाल तर त्यांना आपला अपमान झाल्याचं सुचलंच नाही, ते दुरुस्त्या सुचवण्यात दंग होते. मशीनमनचा आक्षेप असा की तुझ्या कादंबरीतलं मशीन एक बटण दाबलं की थांबतं. असलं मशीन त्यानं उभ्या आयुष्यात बघितलेलं नाही, मशीनची समजूत घालावी लागते. मी त्याप्रमाणे बदललं, आणि ज्या प्रकरणात शहराचं मोठं यंत्र थांबायचं नाकारतं ते वाचून माणसं घाबरतात म्हणे. बाइंडिंगच्या बाई सहाव्या दुपारी सुई दातात धरून म्हणाल्या, “सगळ्यांचं सगळं सांगितलंस, पण मेल्या, तुझ्या त्या शहरात पुस्तकं शिवतं कोण?” मग त्यांनीच सांगितलं: एक बाई शिवत असणार, आणि ती बंदी घातलेली पानं परवानगीच्या पुस्तकांत मधोमध शिवून घालत असणार, कारण वरच्या साहेबांनी आजवर पुस्तकाची पहिली आणि शेवटची चार पानं सोडून काही बघितलेलं नाही. मी ते जसंच्या तसं घातलं. आज ज्याला त्याला माझ्या कादंबरीतली ती शिवणारी बाईच आवडते, आणि संशोधक बाईंनी ‘ही प्रतिमा तुम्हाला कुठे सुचली’ असं विचारलं तेव्हा मी पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मग कादंबरी छापायची का यावर मतदान झालं. चौदा बाजूनं, तुम्ही एकटे विरुद्ध, आणि विषय माझा म्हणून मला मत नाही. आता तीस वर्षांपूर्वी तुम्हीच घालून दिलेला नियम असा की जो विरुद्ध मत देईल त्यानं आपलं कारण इतिवृत्ताच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून सही करायची. निर्णय लगेच अमलात येतो, पण ती सही होईपर्यंत सभा संपत नाही आणि नवा विषय घेता येत नाही. का, तर एकट्या पडलेल्या माणसाचं म्हणणं गडबडीत बुडू नये. तुम्ही चष्मा शोधलात (कपाळावर होता), “लिहितो नंतर,” म्हणालात, चपला घातल्या आणि गेलात. तेव्हापासून सभा चालू आहे.

मामा, अकरा महिने सभेत काढणं म्हणजे काय ते तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. खिडकीची काच फुटलीय, पण काच हा नवा विषय, म्हणून तिथे माझ्या जुन्या कादंबरीचा न बांधलेला छापील फर्मा चिकटवलाय. (त्या कादंबरीचा हा पहिला उपयोग.) सभेत हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून आम्ही सगळे हात वर करून बोलतो. मशीनमन काळाकुट्ट हात वर करतो, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो, तुमचा खोकला होईल इतका वेळ थांबतो आणि मग चहा सांगतो. संशोधक बाईंनाही हात वर करावा लागला. नियम बदलावा तर तोही नवा विषय. कुठे चूक झाली म्हणावं तर ती शोधण्यासाठी समिती नेमणं हाही नवाच विषय. माझी कादंबरी खरी झालीय आणि ती तुम्ही स्वातंत्र्यासाठी केलेल्या नियमानं खरी केलीय. शेवटी आमच्या नाकी नऊ आले तेव्हा मी हळूच सुचवलं की ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ एवढं आपणच लिहावं, मामांच्या सहीसारखी सही मला येते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मग बाइंडिंगच्या बाई हात वर न करता म्हणाल्या, “अरे मेल्या, तो निमंत्रक तूच की रे!” चौदा माणसांना नऊ दुपारी ऐकून जे कळलं नव्हतं ते माझ्या एका वाक्यानं कळलं. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. तुमच्यावरचा आळ तरी उतरला.

हेच तुम्हाला सांगायचं होतं. सारखं वाटून घेणं मी तुमच्या घरच्या पेपरात शिकलो, वाटणाऱ्याला भ्यायला तुमच्या मोरीत शिकलो, आणि चौदा माणसांना एकट्याच्या नकारासाठी अकरा महिने अडून राहताना तुमच्या छापखान्यात पाहिलं. काच फुटकी ठेवली, पण तुमचं ‘नाही’ कुणी तुमच्या वतीनं लिहिलं नाही. असं जिथे घडतं त्या जगाविषयी मी सव्वातीनशे पानं भीती घातली, आणि ती भीती त्यांनी स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून, छापून, शिवून दिली. मी उपकार मानायला शब्द शोधतोय आणि मला प्रुफातल्या चुकाच सापडतात. तुम्ही होता म्हणून मी आहे, इतकं साधं लिहितो.

मामींना नमस्कार सांगा आणि पेपरची गोष्ट सांभाळून काढा. ताईला म्हणावं, पान पाच अजून माझं येणं आहे. लोभ वाढवा असं मी कोणत्या तोंडानं लिहू? अकरा महिन्यांपूर्वी होता तेवढा पुरे.

तुमचा भाचा,
(तुम्ही ठेवलेल्या नावानं) खाडाखोड

ता. क. आता ताक आणि भांडं एकदमच पुढे करतो. कादंबरीची पहिली आवृत्ती संपली आहे. वाचनालयांची पत्रं येतायत. दुसरी आवृत्ती काढणं हा नवा विषय आहे. तेव्हा कृपा करून एकदा या, विरुद्ध मत काय ते लिहा, वाटेल तितक्या कडक शब्दांत लिहा, माझं नाव घेऊन लिहा, पण सही करा. इतकीच विनंती.

ता. क. दुसरा. सभा चालू आणि पत्र त्याच विषयाचं, त्यामुळे हे सभेपुढे वाचावं लागलं. ‘कुत्रंही भुंकत नाही’ हे वाक्य अतिशयोक्त आहे, गल्लीतलं भुंकतं, अशी मशीनमनची दुरुस्ती मंजूर झाली. मामींचं गुपित वगळावं ही सूचना पाच विरुद्ध नऊ मतांनी फेटाळली. वरच्या विनंतीत ‘या’च्या आधी ‘लवकर’ हा शब्द घालावा, ही बाइंडिंगच्या बाईंची सूचना एकमतानं मंजूर झाली. हे एकमत खरं होतं, सगळे कामं टाकून उभे होते. कृपया तो शब्द तिथे आहे असं समजून वाचावं.

ता. क. तिसरा. हा मी सभेला दाखवलेला नाही. पाकीट बंद करता करता दाराआड उभ्यानं लिहितोय, आणि हा निमंत्रकाचा शेवटचा हुकूम समजा. आजच्या टपालानं मामींचं कार्ड आलं. त्या लिहितात की तुम्ही माझी कादंबरी तिसऱ्यांदा वाचताय, हातात पेन्सिल असते, आणि तुमचं विरुद्ध मत चाळीस पानांवर गेलंय तरी तुम्ही थांबत नाही. मामा, ती चाळीस पानं घेऊन या. आपल्या पद्धतीप्रमाणे मशीन बंद ठेवून सगळ्यांसमोर वाचा, नऊ दुपारी लागल्या तर नऊ, आणि हवं तिथे मोकळेपणानं खोका. मी समोर बसून ऐकेन. फक्त सही करू नका. सही केलीत की सभा संपेल आणि तुम्ही पुन्हा ताईकडे जायला मोकळे व्हाल. दुसऱ्या आवृत्तीचं काय व्हायचं ते होवो.